मुख्यमंत्रिपदाची परंपरा आणि आपण ज्ञातिबांधव

ज्ञातिसंमेलनांत एक प्रश्न हटकून निघतो. 'इतकी वर्षे लोटली, आपल्या ज्ञातीचा मुख्यमंत्री का झाला नाही?' प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात ज्ञातीविषयी कळकळ असते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ते पद मुळात काय आहे, ते कसे निर्माण झाले, त्यावर कोण बसले व कशाच्या बळावर बसले, ह्याची माहिती फार थोड्यांस असते. ती ज्ञातिबांधवांपुढे व विशेषतः तरुण मंडळींपुढे ठेवावी, ह्या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

राजाच्या खालोखाल कारभार पाहणारा प्रधान आपल्याकडे नवीन नव्हे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा मोरोपंत पिंगळे हे मुख्य प्रधान होते. पेशवा ह्या फारसी शब्दाचा तो संस्कृत पर्याय. पुढे पेशव्यांस पंतप्रधान हे बिरुद रूढ झाले. मात्र अष्टप्रधानांस नेमणारा राजा आणि दूर करणारा राजाच. पुढे तर पेशवेपद वंशपरंपरेचे झाले. रयतेने निवडलेल्या सभेपुढे उभे राहून जाब देण्याचा प्रसंग त्यांजवर कधी आला नाही. म्हणून मुख्यमंत्र्यास पेशव्यांचा वारस ठरविण्याची जी हौस काही वक्त्यांस असते, ती नावापुरतीच खरी आहे.

आजच्या पदाचा जन्म १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यातून झाला. त्या कायद्यान्वये १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली. मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखास इंग्रजीत 'प्राइम मिनिस्टर' म्हणत आणि मराठीत कोणी मुख्य प्रधान तर कोणी पंतप्रधान म्हणत. गंमत अशी की, कायद्याच्या कलमांत ह्या पदाचे नावच नव्हते. मंत्री निवडावयाचे गव्हर्नराने, आणि त्याच्या मनात आल्यास मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थानही त्यानेच घ्यावयाचे.

तरीही लोकमताशिवाय हे पद टिकत नाही, हे पहिल्या साडेतीन महिन्यांतच दिसून आले. गव्हर्नराच्या विशेष अधिकारांविषयी खुलासा होईपर्यंत काँग्रेसने सत्ता घेण्याचे नाकारले. तेव्हा साताऱ्याचे पारशी गृहस्थ सर धनजीशा कूपर ह्यांनी मंत्रिमंडळ बनविले. गव्हर्नर अनुकूल, कायदा अनुकूल, पण विधानसभेत बहुमत नाही. जुलैमध्ये काँग्रेस सत्ता घेण्यास तयार होताच कूपर ह्यांस जागा सोडावी लागली आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर अधिकारावर आले.

खेरांची निवड मात्र वादावाचून झाली नाही, आणि तो वाद आपल्या प्रश्नाशी फार जवळचा आहे. मुंबईतील काँग्रेसचे मोठे पुढारी वीर नरीमन ह्यांस नेतेपद आपल्याकडे येईल अशी अपेक्षा होती. ते आले नाही, तेव्हा त्यांनी सरदार पटेलांवर आक्षेप घेतला. महात्माजी व बहादुरजी ह्यांनी चौकशी केली. तिचा निर्णय नरीमन ह्यांच्या विरुद्ध गेला. परंतु मौलाना आझाद ह्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नरीमन ह्यांजवर अन्याय झाला असेच मत नोंदविले आहे, आणि ते पारशी असल्यामुळे डावलले गेले अशी शंका त्यांच्या लेखनात स्पष्ट आहे. ह्या वादात सत्य कोणत्या बाजूस होते ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. जन्म पाहून माणूस निवडला जातो की काय, हा संशय ह्या पदाच्या पाळण्यापासूनच त्याच्या सोबतीस आहे, एवढे खरे. खेरांविषयी मात्र आम्हां शिक्षकवर्गास ममत्व वाटते, कारण प्रांताचा प्रमुख असूनही त्यांनी शिक्षणखाते स्वतःकडे ठेविले होते.

नागपुरास १९३८ साली जे घडले ते अधिकच बोधक आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे ह्यांचे महाकोशलच्या मंत्र्यांशी पटेना. त्यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला, राजीनामा न देणाऱ्या मंत्र्यांस गव्हर्नराने बडतर्फ केले, आणि खरे ह्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. कायद्याने सारे यथासांग होते. पण काँग्रेसश्रेष्ठींस ते मान्य झाले नाही. काही दिवसांतच डॉक्टरांस पायउतार व्हावे लागले व पंडित रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. प्रमुखाच्या डोक्यावर विधानसभेखेरीज पक्षश्रेष्ठी नावाचा आणखी एक धनी असतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले. आजही त्यात फारसा पालट झालेला नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि 'मुख्यमंत्री' हे नाव कायद्यात दाखल झाले. अनुच्छेद १६३ प्रमाणे राज्यपालास साहाय्य व सल्ला देणाऱ्या मंत्रिमंडळाचा तो प्रमुख होय. अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्यपाल त्याची नेमणूक करतो, इतर मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमले जातात, आणि सारे मंत्रिमंडळ सामुदायिक रीतीने विधानसभेस जबाबदार असते. मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला वा तो निवर्तला, तर मंत्रिमंडळही संपते. विधिमंडळाचा सभासद नसलेल्यासही नेमता येते, परंतु सहा महिन्यांच्या आत सभासद व्हावे लागते. ही सवलत मुंबई राज्यात प्रारंभीच उपयोगी पडली. १९५२ च्या निवडणुकीत मोरारजी देसाई अवघ्या १९ मतांनी पडले, तरी तेच मुख्यमंत्री झाले आणि पोटनिवडणुकीने सभागृहात आले.

आजचा महाराष्ट्र त्या वेळी तीन राज्यांत विभागला होता, हे नव्या पिढीस सांगावे लागते. पुण्याच्या माणसाचे मुख्यमंत्री मोरारजी, अमरावतीकराचे शुक्ल, आणि औरंगाबादकराचे हैद्राबादेतील बुर्गुल रामकृष्णराव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक झाले, तेव्हा हे सारे लोक गुजरात्यांसह प्रथमच एका मुख्यमंत्र्याखाली आले. भाऊसाहेब हिरे ह्यांजवर मात करून यशवंतराव चव्हाण नेते निवडले गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने तापलेल्या त्या दिवसांत ते आसन म्हणजे निखाऱ्यांवरची बैठक होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हे राज्य मराठा होणार की मराठी, असा परखड प्रश्न ग. त्र्यं. माडखोलकरांनी यशवंतरावांस केला होता. ते मराठी भाषिकांचे होईल, असे यशवंतरावांचे उत्तर होते.

ते उत्तर कितपत खरे ठरले? मराठा समाजातील पुरुष १९६० नंतर सर्वांत अधिक वेळा ह्या पदावर आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यादी नीट वाचावी. १९६२ च्या नोव्हेंबरात चिनी आक्रमणाच्या वेळी यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार बेलदार समाजातले. चंद्रपुरात वर्तमानपत्रे विकून त्यांनी दिवस काढले होते. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी ते अधिकारावर असतानाच निवर्तले. बाळासाहेब सावंतांनी दहा दिवस कारभार पाहिला आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक आले. पुसद तालुक्यातील गहुली गावचे, बंजारा समाजातले. त्यांच्या ज्ञातीच्या मतांनी राज्यात बहुमत होणे केवळ अशक्य. तरीही ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ त्या आसनावर राहिले, आणि १९७२ च्या भीषण दुष्काळात त्यांनीच राज्य सांभाळले. तितका काळ दुसऱ्या कोणासही लाभलेला नाही. १९८० साली कोकणातील मुसलमान घराण्यातले अंतुले आले. २००३ साली सोलापूरच्या न्यायालयात एके काळी शिपायाची नोकरी केलेले दलित समाजातील सुशीलकुमार शिंदे आले.

ह्या यादीत ज्यांची ज्ञाती लहान, त्यांना इतरांच्या विश्वासाने तेथे नेले. 'आमचा माणूस' म्हणून जो पुढे ढकलला जातो, त्यास इतर ज्ञातींचे आमदार 'त्यांचा माणूस' समजतात, हा हिशेब आपल्या लक्षात येत नाही. तसेच, मुख्यमंत्री आपला असता तर वसतिगृहाचा भूखंड झटकन मिळाला असता, हेही आपण नेहमी ऐकतो. भूखंडाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून व महसूल खात्यातून वर जातो. अर्धवट कागदपत्रे कोणत्याही ज्ञातीच्या मुख्यमंत्र्याने पुरी होत नाहीत. हार घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळाने आधी संस्थेचे हिशेब तपासून घ्यावेत, हे बरे.

पदाच्या अधिकारास पुढे काही बांध पडले. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, राजभवनात नव्हे, असा दंडक घातला. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर नेण्यास बंदी झाली. २८८ सभासदांच्या आपल्या विधानसभेत ती मर्यादा ४३ होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सिद्ध करण्यास दुसऱ्याच दिवसाची मुदत दिली, तेव्हा तीन दिवसांपूर्वी शपथ घेतलेल्या देवेंद्र फडणवीस ह्यांनी परीक्षेआधीच राजीनामा दिला. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे ह्यांनीही तसेच केले. १९३७ साली कूपर ह्यांस जे भोवले, तेच हे.

आमचे गोमंतकातील ज्ञातिबांधव म्हणतील, आमचे काय? पोर्तुगीज सत्ता १९६१ साली गेल्यावर दयानंद बांदोडकर हे १९६३ च्या डिसेंबरात तेथील पहिले मुख्यमंत्री झाले. ते गोमंतक मराठा समाजाचे, म्हणजे संख्येने लहान समाजातले. त्यांचा पक्ष महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूचा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी विलीनीकरण नाकारले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी बांदोडकरांसच पुन्हा निवडून दिले! १९७३ च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले व त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्रात मात्र आजवर एकाही स्त्रीने ह्या पदाची शपथ घेतलेली नाही, आणि आमच्या ज्ञातिसंमेलनात तो प्रश्न कोणी विचारल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही.