सोल, जून १९९८: फळा निळा आहे

मंगळवार, १६ जून १९९८. सोलच्या योइदो भागात एका शेअर दलालाच्या कार्यालयात तुम्ही उभे आहात. समोरचा फळा निळाशार. इथे तेजी लाल आणि मंदी निळी, हे लक्षात यायला मुंबईच्या डोळ्यांना जरा वेळ लागतो. कोरियन बाजाराचा निर्देशांक कोस्पी २८० वर. १९९४ मध्ये तो अकराशेच्या पुढे होता.

पुढच्या वर्षी जुलैत हाच आकडा हजार ओलांडणार, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. मग घ्या की! पण काय घेणार?

शेजारी सुटाबुटातला एक गृहस्थ बसलाय. नोकरी गेली, तरी घरातून रोज वेळेवर निघतो. चलनसंकटात देशाला डॉलर मिळावेत म्हणून ३५ लाख लोकांनी सुमारे २२५ टन सोनं बाहेर काढलं, त्यात याच्या मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्याही गेल्या. त्याचे आलेले वॉन खात्यात आहेत. त्याची नजर बँकांच्या शेअरवर आहे: दर्शनी किंमत ५,००० वॉन, भाव त्याच्या कितीतरी खाली. स्वस्तच की!

तुम्ही त्याला अडवा. २९ जूनला सरकार पाच बँका बंद करणार आहे. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहतील, भागधारकांच्या हाती मात्र कागद उरतील. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींवरची ही साफसफाई बाजार वर नेणार हे खरं, पण निर्देशांक सावरला म्हणून त्यातला प्रत्येक शेअर वाचत नाही.

मग देवू समूह? इतर समूह आवरतं घेत असताना या पठ्ठ्यांनी सांगयाँग मोटर विकत घेतली. दलाल कौतुकानं सांगतो. पुढच्या वर्षी देवूच कर्जाखाली कोसळणार. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स घ्या, तुम्ही सुचवता.

परदेशी फंडांना असं घेऊन थांबणं सोपं आहे. भागभांडवलातल्या त्यांच्या वाट्यावरची सर्वसाधारण मर्यादा मे महिन्यातच उठली. संकटाआधी नऊशेच्या आसपास वॉन देणारा डॉलर आता चौदाशेच्या घरात आहे. शिवाय त्यांना घरभाडं या पैशातून भरायचं नाही.

"किती दिवस थांबायचं?" शेजारचा गृहस्थ विचारतो.

तेरा महिने, तुम्ही सांगता.

तो हसतो. घरमालक तेवढा थांबणार नाही, म्हणतो, आणि पैसे खात्यातच ठेवतो. त्याचं चुकलं असं म्हणायला निदान माझी तरी जीभ रेटत नाही.