टंकदोष असलेली नाणी

टांकसाळीत घडतानाच चूक झालेली आणि ती नजरेतून निसटून चलनात आलेली नाणी. संग्राहक त्यांना सरसकट ‘एरर’ म्हणतात. धातूच्या पट्टीतून कोरी चकती कापणे, तिची कड उचलून घेणे आणि कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबणे, या तीन टप्प्यांत जे बिघडते तोच टंकदोष. त्यानंतर रेल्वेच्या रुळावर, दगडावर किंवा एखाद्याच्या कानशीखाली नाण्याचे जे काही होते ते नुसते नुकसान. चिल्लरीत ‘दुर्मिळ’ म्हणून दाखवली जाणारी बहुतेक नाणी या दुसऱ्या जातीची असतात.

सर्वांत सोपी तपासणी ठशाच्या दिशेची. गणराज्याच्या नाण्यावरील सिंहमुद्रा सरळ उभी धरून नाणे डावीकडून उजवीकडे उलटवले, की मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरपी दिसली तर ठसा सैल होऊन फिरला होता. किंचित तिरपेपणा बऱ्याचदा आढळतो, त्याला मोल नाही. पूर्ण उलटी बाजू मात्र जपून ठेवावी.

कड्याशिवाय ठसा बसला तर धातू पसरतो. १९९२ मध्ये आलेला पोलादी रुपया २५ मिमी व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता; पसरलेल्या रुपयाचा व्यास वाढतो, वजन तेवढेच राहते. ठोकून पसरवलेल्या नाण्यावरची अक्षरेही चेपलेली दिसतात. चकती कापताना पट्टीतल्या आधीच्या भोकावर पाते पडले, तर नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच येते. खाच खरी असेल तर तिच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते, कारण कड उचलताना त्या जागी पुरेसा दाब मिळत नाही. कानशीने खाच पाडणाऱ्याला ही समोरची कड आठवत नाही.

संग्राहकांत मान ‘लाखी’ नाण्याला. छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचा ठसा उमटतो. एका बाजूला नेहमीची नक्षी, दुसऱ्या बाजूला तीच आरशातल्यासारखी उलटी आणि खोलगट. पकडीत दोन नाणी दाबून असे नकली नमुने करतात, पण त्यात पलीकडची बाजू सपाट होते. दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यात गाभा सरकलेला सापडतो. तो टांकसाळीतच सरकला असेल तर नक्षी जागच्या जागी असते. ठोकून काढून पुन्हा बसवलेल्या गाभ्यावरची नक्षी गाभ्याबरोबर फिरते.

सालाखालचे टांकसाळीचे चिन्ह हा दोष नव्हे: चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचे. दहाच्या नाण्यावर ₹ असणे-नसणे हाही नमुन्यातला फरक; असे १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते.

संशयित नाणे चिंचेने किंवा पावडरने घासू नये. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. आधी भिंग आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा वापरावा. नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणत आगाऊ शुल्क किंवा कर मागणाऱ्यांना एक पैसाही देऊ नये. आपल्या नावाने असे शुल्क घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे.