खरेदी आणि विक्री

खरेदीविक्री हा जोडशब्द बाजारांत रोज कानीं पडतो. त्यांतील विक्री आपली व खरेदी परकी, अशी आमची अनेक वर्षें समजूत होती. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील 'खरेदी' खोडून तेथें तांबड्या शाईनें 'क्रय' लिहिण्याचें कामही आम्हीं मोठ्या निष्ठेनें केलें. तें व्यर्थ होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे.

'विक्री' ही क्री धातूस वि उपसर्ग लागून झालेली, हें उघड आहे. परंतु फारशींतील 'खरीदन्' हेंही त्याच धातूच्या इराणी भावंडापासून निघालेलें क्रियापद होय. संस्कृतांतील आरंभींच्या क्रबद्दल प्राचीन इराणींत ख्र येतो. आपला क्रतु तोच अवेस्तेंतील ख्रतु व फारशींतील खिरद. पुढें फारशीनें आरंभींचें जोडाक्षर मध्यें स्वर घालून फोडलें व 'खरीद' सिद्ध झाला. तेव्हां फारशीबरोबर महाराष्ट्रांत आलेला हा पाहुणा घरचाच आप्त ठरतो.

धातुपाठांत क्रीचा अर्थ द्रव्यांचा विनिमय इतकाच दिला आहे. घेणारा कोण व देणारा कोण, हें तो अर्थनिर्देश सांगत नाहीं. बंगालींत 'केना' म्हणजे विकत घेणें. रूढ मराठींत क्रीचें तसें साधें तद्भव क्रियापद नाहीं. आपण विकतच घेतों आणि विकतच देतों. खरेदीखताची गंमत याहून मोठी: नांव खरेदीचें, पण खत लिहून देणार विकणारा, आणि तो 'खरेदी दिली' असें लिहितो!

हें न ओळखल्यानें आमच्या हातून एक प्रमाद घडला. एका गृहस्थांच्या दप्तरांतील मोडी कागदाची कड कसरीनें खाल्ली होती. 'खरेदी' शाबूत, पुढील क्रियापद गेलेलें. खत घेणाराच्या घरीं राहतें, म्हणून त्यांचे पूर्वज घेणार, असें टिपण आम्हीं दिलें. पुढें दुसऱ्या रुमालांत त्याच शेताचे रुपये त्या पूर्वजांस भरून पावल्याच्या पावतीची नक्कल निघाली. पहिला कागदही देणारानें ठेवलेली नक्कलच होता. तोंवर गृहस्थांनीं आमच्या टिपणावर विसंबून बांधशेजाऱ्याशीं तंटा मांडला होता. टिपण आम्हीं परत मागितलें. तें मिळालें नाहीं. तेव्हांपासून क्रियापद फाटलेलें असल्यास यादींत आम्ही 'खरेदीचा कागद' एवढेंच लिहितों.