ओवी फ्रान्सला गेली, पण गाव सुटलं नाही

मुळशी तालुक्यातल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या आज फ्रान्समधल्या एका संग्रहात आहेत, गुरुग्रामच्या एका संग्रहात आहेत आणि मोबाइलवर कुणालाही ऐकता येतात. आपल्या तालुक्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ओवी एवढी लांब गेली तेव्हा गाणारणीचं आणि गावाचं नाव तिच्यासोबत गेलं का? आजची पोस्ट त्याबद्दल आहे. जरा लांब आहे, पण सवडीने वाचाच.

सुरुवात होते 1980 च्या दशकात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोन अभ्यासक-कार्यकर्ते तेव्हा पुण्याहून डोंगरी गावांत यायचे आणि गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करायचे. चार माणसांत जे बोलता येत नाही ते बाई जात्याला सांगते, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल आणि बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्या दोन-दोन ओळींत. या दोघांना वाटलं, हे गोळा केलं पाहिजे. गिरणी गावोगाव पोचत होती, जातं कोपऱ्यात जात होतं, त्यामुळे वेळही फार नव्हता.

मग जे झालं ते थक्क करणारं आहे. गावातल्याच कार्यकर्त्या बायका-पुरुषांना हाताशी धरून सुमारे वीस वर्षांत एक लाखाच्या वर ओव्या जमल्या, त्याही हजाराहून अधिक गावांतून. काम वाढत वाढत महाराष्ट्रभर गेलं, पण त्याचं मूळ आपल्या डोंगरपट्ट्यात. नांदगाव, कोळवडे, लवार्डे, गडले ही आपली गावं त्या यादीत ठळक दिसतात.

आता खरी गोष्ट. एक लाख ओव्या नुसत्या लिहून काढल्या तर तो ढिगारा होतो. म्हणून प्रत्येक ओवीला एक चिठ्ठी जोडली: कुणी गायली, कुठल्या गावात, कुठला तालुका, कुठला जिल्हा, आणि विषय कोणता. विषयांचं तर मोठं झाडच तयार केलं. आधी एक अक्षर, मग रोमन आकडा, मग पोटविषयाचा क्रमांक. संगणकाच्या भाषेत याला टॅग म्हणतात. आपल्या भाषेत म्हणायचं तर ओवीचा सातबारा.

1990 च्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले. हे फ्रेंच गृहस्थ संगणकतज्ज्ञ, पण डोकं संगीतात. त्याआधी 1980 च्या दशकात त्यांनी तबल्याच्या बोलांवर काम करणारा ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्रॅम तयार केलेला होता. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस उभा केला आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. कागदावरची ओवी आता संगणकात आली आणि तिच्याबरोबर आवाजही आला.

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल, कारण पेच तिथेच आहे.

साधारण त्याच काळात, 1996 मध्ये, एमपी3 गाण्यांना टॅग जोडायची एक पद्धत निघाली. आयडी3 तिचं नाव. फाइलच्या शेवटी फक्त 128 बाइट जागा. गाण्याच्या नावाला 30, गायकाला 30, अल्बमला 30. गावाला रकानाच नाही! गाण्याचा प्रकार निवडायला 80 प्रकारांची यादी होती, त्यात ब्लूज होतं, रॉक होतं, पण लोकगीत नव्हतं. ते नंतर विनॅम्पवाल्यांनी वाढवलेल्या यादीत आलं. देवनागरीची तर तिथे सोयच नव्हती. नांदगावच्या बाईची ओवी त्या 128 बाइटमध्ये कुठे बसायची?

दुसरी अडचण अशी, की पुढे आलेल्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरांनी बरीच माहिती फाइलीत न ठेवता स्वतःच्या कपाटात ठेवली. आयट्यून्समध्ये तुम्ही गाण्याला तारे दिलेत तर ते आयट्यून्सच्या लायब्ररीत राहतात, गाण्याच्या फाइलीत जात नाहीत. सॉफ्टवेअर बदललं की गाणी नव्या घरी येतात आणि तारे जुन्या घरी राहतात. ज्यांनी आपला गाण्यांचा साठा एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात हलवलाय त्यांना हे सांगायला नको.

ओव्यांच्या संग्रहात मात्र माहिती आवाजाच्या फाइलीत कोंबली नाही. ती वेगळ्या तक्त्यात ठेवली. प्रत्येक ओवीला स्वतःचा क्रमांक, आणि मुद्रित ओवीपुढे नोंद, की मुद्रणाचा कुठला तुकडा, आणि त्यात ही ओवी कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होते. आवाज एकीकडे, चिठ्ठी दुसरीकडे, आणि दोघांना बांधणारा धागा म्हणजे तो क्रमांक. सॉफ्टवेअर कुठलंही येवो, तक्ता आणि क्रमांक शाबूत असले की संसार नव्याने मांडता येतो.

तरी हलवाहलवीत घोळ व्हायचे ते होतातच. तीन उदाहरणं देतो.

एक, रोमन आकडे. संगणकाला अक्षरांच्या क्रमाने लावायला सांगितलं तर रोमन नऊ रोमन पाचाच्या आधी येतो. माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. या संग्रहाच्या संकेतस्थळावर आजही एकाच विषयाचे दोन क्रमांक शेजारी दिसतात: एक मूळ रोमन आकड्यांचा, दुसरा शून्य लावून दोन-दोन अंकांत लिहिलेला. जुना पुसला नाही, नवा जोडला. हलवाहलवीचा हा उत्तम धडा आहे.

दोन, लिपी. त्या काळचं मराठी टायपिंग आठवा. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी कचरा. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण आपल्या टेबलावर यायला बरीच वर्षं गेली. त्या काळातले मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये आणायचे म्हणजे अक्षर अन् अक्षर तपासणं आलं. ओवीत तर आणखी अवघड, कारण बोलीतला शब्द चूक समजून कुणी ‘शुद्ध’ केला की बाई गेली आणि मास्तर उरला.

तीन, गावाचं नाव. लवार्डे की लव्हार्डे? माणसाला एकच गाव, संगणकाला दोन. नांदगाव आपल्या मुळशीत आहे आणि नाशिक जिल्ह्यात तर नांदगाव नावाचा तालुकाच आहे. तालुक्याचा रकाना गळला की मुळशीची ओवी नाशिकला गेलीच समजा.

हे सगळं सांभाळत संग्रहाचा प्रवास झाला. ध्वनिमुद्रणं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या गुरुग्राममधल्या संगीत-संग्रहात ठेवली गेली. पुढे बेल यांनी सगळं फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या भाषा-ध्वनी संग्रहात नेलं. अवकाश संशोधन संस्थांनी पुढाकार घेऊन दीर्घकाळ जतनाचा एक आराखडा केला होता, 2003 मध्ये तो आयएसओ मानक झाला. त्याचं सार इतकंच, की वस्तू आणि तिची माहिती एकाच गाठोड्यात बांधा, माहितीवाचून वस्तू आत घेऊ नका. आपल्या जात्यावरच्या ओव्या फ्रान्समध्ये या पद्धतीचा एक नमुना ठरल्या. उपग्रहांची माहिती जपायची रीत मुळशीच्या ओवीला लागू पडली!

गी पॉइतवाँ 2004 मध्ये गेले, हेमा राईरकर 2010 मध्ये. अशा वेळी संग्रह पोरका होतो, कपाटाला कुलूप लागतं. तसं झालं नाही. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, हा ठेवा घेतला आणि 2017 पासून ओव्या भाषांतरासह, आवाजासह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. जुने काही सहकारीही सोबत आले. मंडळी पुन्हा मुळशीत आली, गाणाऱ्या बायकांना भेटली, फोटो आणि व्हिडिओ घेतले. तिथल्या लेखाखाली गाव, तालुका, वय, मुलंबाळं, व्यवसाय सगळं लिहिलेलं सापडतं. म्हणजे या हलवाहलवीत टॅग गळाले नाहीत, उलट वाढले.

एक रकाना मात्र मला अजून हवासा वाटतो, तो माहेरचा. नोंदीतलं गाव बहुतेक सासरचं असतं. ओवी मात्र बाई आईकडून, आजीकडून घेऊन आलेली असते. ओवीचा माग काढायचा तर माहेर हवंच.

आता आपल्यावर येऊ. धरणाखाली गाव जाणं म्हणजे काय हे मुळशीला सांगावं लागत नाही. 1921 साली सत्याग्रह इथेच झाला. आज गाव पाण्याखाली जात नाही, शहराखाली जातं. 2021 मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेली. पुढच्या पिढीला तिथलं ‘गाव’ फक्त नोंदीत दिसेल. म्हणून नोंद जपायची.

आपल्या मोबाइलमध्ये आज काय काय आहे? भजनी मंडळाची भजनं, हळदीची गाणी, काकडा, आजीचा आवाज. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं की फाइलीचं नाव जातं, मागे तारीख आणि नंबर उरतो. पाच वर्षांनी कोण गातंय ते कुणी सांगायचं?

कामं सोपी आहेत:

• फाइलीच्या नावातच गाणारीचं नाव, गाव, तालुका आणि वर्ष लिहा.
• सगळ्या गाण्यांची एक साधी यादी युनिकोड मराठीत करा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. माहेरचा रकाना विसरू नका.
• व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाव टिकतं.
• फोन बदलताना गाणी आणि यादी दोन्ही हलवा. एक प्रत दुसरीकडे ठेवा.
• गाणारीला विचारूनच पुढे पाठवा. आवाज तिचा आहे.

आणि एक सार्वजनिक मागणी. गुरुग्रामला आणि फ्रान्सला जे आहे त्यातला मुळशीचा भाग पौडला, तालुक्याच्या ठिकाणी, एखाद्या वाचनालयात कुणालाही बसून ऐकता आला पाहिजे. शाळांनी पोरांना घेऊन जावं. ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, सुरुवात ओव्या दिलेल्या गावांनी करावी.

तुमच्या घरात, वाडीत कुणी अजून ओव्या म्हणत असेल तर कमेंटमध्ये गाव जरूर सांगा. आणि आजीला विचारा, ही ओवी कुठून आणली गं? तिचं उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा.