गोदावरीवरचा हुकलेला जलमार्ग

विंचूर म्हटले की इतिहासाच्या वाचकाला पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात, आणि बाकीच्यांना शेजारच्या लासलगावचा कांदा. या गावापासून जवळच नांदूर मध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तिथे दगडी बंधारा बांधला. त्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांवर पुढे कोपरगाव-राहात्याचा ऊस उभा राहिला. आपल्याकडे कालवा म्हणजे शेताचे पाणी, एवढाच अर्थ रुजला. औरंगाबादची मलिक अंबरची नहर होती, ती शहराची तहान भागवण्यासाठी. नहरीतून नाव जाते, ही कल्पना आपल्या भागात कुणी केली नाही.

याच गोदावरीच्या मुखाकडे चित्र वेगळे होते. आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला बंधारा घातला. तिथल्या कालव्यांनी भातशेती भिजवली आणि त्याच पाण्यावरून धान्याच्या, प्रवाशांच्या नावाही चालल्या. उताराच्या ठिकाणी ‘लॉक’ बांधले होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला मोठा हौद. नाव आत आली की खालचे दार लावायचे आणि वरचे पाणी हळूहळू आत सोडायचे. पाणी चढते तशी नावही चढते. मग वरचे दार उघडून ती पुढे निघते. भरलेली नाव वर चढवायला ना बैल लागत, ना कोळसा.

कॉटनचा आग्रह होता की हिंदुस्थानसारख्या गरीब देशाला महागड्या रेल्वेपेक्षा स्वस्त जलमार्ग हवेत. त्याची नजर वर, आपल्या मराठी मुलखाकडेही होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत न्यायचा, अशी योजना आखली गेली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा या योजनेला जोर आला. नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. त्यांना वळसा घालून कालवे आणि लॉक बांधायचे ठरले. पहिल्या अडथळ्यावर, दुम्मागुडेमला, बरेचसे बांधकाम झालेही. डाव्या तीरावरचे सिरोंचा हे या भागाचे मुख्य ठाणे. समोर निजामाचा मुलूख.

पण युद्ध १८६५ साली संपले आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला दुसरी वाट मिळाली. १८७१ साली सरकारने गोदावरीचे काम थांबवले.

यात एक बाजू खरी आहे. उन्हाळ्यात गोदावरी आटते, तिथे बारमाही नावा चालवणे अवघड होते. विंचूरकडे तर रेल्वेनेच भले केले. लासलगावचा कांदा तिच्यावरूनच देशभर गेला. पण सिरोंचाचे काय? जलमार्ग बंद झाला आणि रेल्वे तिथे आजही पोहोचलेली नाही. योजना कापसासाठी सुरू झाली, कापसासाठीच थांबली. नदीकाठच्या माणसाला कुठे जायचे आहे, हे दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.

रेल्वेने इंग्लंडचे कालवेही ओस पाडले होते. पण १९४६ साली काही मंडळींनी संघटना काढून ते वाचवायला घेतले. आज तिथे लोक सुट्टीत अरुंद नावा भाड्याने घेतात आणि माणसाच्या चालीने, लॉकची दारे स्वतः उघडत, निवांत प्रवास करतात. ती हौस आहे, आणि हौस परवडणाऱ्यांची आहे. आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली रामसर दर्जा जाहीर झाला. आता लोक तिथे पक्षी पाहायला जातात. जरूर जावे. पण त्या बंधाऱ्यावर उभे राहून एवढे आठवावे की, याच नदीच्या खालच्या अंगाला आपल्याच राज्यातला एक तालुका दीडशे वर्षांपासून रेल्वेची वाट पाहत आला आहे.