मुंबई ते लंडन : अंतर आणि अनुमती

दोन नगरांमधील अंतर ही केवळ भूगोलाची बाब आहे, असे आपण शाळेत शिकतो. मुंबईपासून लंडन सरळ आकाशमार्गे सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि हा आकडा कधी बदलत नाही. ते अंतर कापण्यास लागणारा काळ मात्र महिन्यांवरून तासांवर आला. त्याचे सारे श्रेय आपण यंत्रांना देतो. तथापि, इतिहासाची पाने चाळली असता आम्हांस असे दिसते की, हा काळ यंत्रांइतकाच वाटेवरील राष्ट्रांच्या मर्जीवर अवलंबून राहिला आहे.

आफ्रिकेला वळसा घालून जाणारा लंडन-मुंबई सागरी मार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरांचा होता. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि तो सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. पुढे १९६७ साली अरब-इस्रायल युद्ध पेटले, कालवा बंद पडला आणि १९७५ पर्यंत जहाजांना पुन्हा तोच जुना वळसा घ्यावा लागला. जहाजे वेगवान झाली होती. वाट मात्र शंभर वर्षे मागे गेली होती.

आकाशाची कथाही निराळी नाही. १९२९ च्या मार्चअखेरीस इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. या प्रवासास सात दिवस लागत आणि त्यातील बाझल ते जिनोव्हा हा टप्पा आगगाडीने करावा लागे. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उड्डाणास परवानगी नाकारल्यामुळे १९३२ साली हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस न्यावा लागला व शारजा येथे विमानांचा तळ उभा राहिला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या भूमीवर विमान उतरवले आणि मुंबई या मार्गाला जोडली गेली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले व कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि दिवसांचे तास झाले. आता हा प्रवास विनाथांबा साधारण नऊ-दहा तासांचा आहे. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांमुळे जाताना अधिक वेळ लागतो, येताना कमी.

तरीही मर्जीचा प्रश्न सुटला नाही. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा बंद झाले. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षामुळे इराण व इराक यांचेही आकाश बंद पडले. वळसा वाढला की इंधन वाढते, भाडे वाढते आणि तासही वाढतात.

या तासांचे मोल काय, हे परदेशी लेकरे असलेल्या घरांना विचारावे. विलायतेस गेलेला मुलगा आईच्या अंत्यविधीला येईल, अशी अपेक्षाच पूर्वी कोणी करीत नसे; निधनाचे पत्र त्याच्या हाती पडेपर्यंत इकडे कबरीवर गवत उगवलेले असे. आज तो दुसऱ्या दिवशी पोहोचून मूठभर माती देऊ शकतो. हे विमानाने साधले, यात शंका नाही. परंतु ज्या राष्ट्रांनी आपल्या डोक्यावरून त्याला जाऊ दिले, त्यांचाही त्यात वाटा आहे.