कर्करोगानंतरचा व्यायाम: एका उलटलेल्या सल्ल्याचा इतिहास

कर्करोगाचे उपचार संपल्यावर रुग्णाने काय करावे, या प्रश्नाला विसाव्या शतकात बराच काळ एकच उत्तर होते: आराम. शस्त्रक्रियेने, किरणांनी आणि पुढे केमोथेरपीने शरीर खचलेले असते, तेव्हा उरलेली ताकद जपावी, असा त्यामागचा विचार. हा सल्ला मायेने दिला जाई, घरचेही तो मायेनेच पाळत. मात्र तो बरोबर आहे की नाही, हे अनेक दशके कोणी तपासलेच नाही.

स्तनाच्या कर्करोगात या सल्ल्याची मुळे सर्वांत खोल गेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथीही काढल्या जात. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे हीच शस्त्रक्रिया रूढ राहिली. तिच्यातून उठलेल्या बाईचा खांदा आखडे, हात डोक्यापर्यंत जात नसे. काखेतल्या ग्रंथी गेल्यामुळे हातातल्या लसीकेला (लिम्फ या द्रवाला) परतीची वाट अपुरी पडे आणि अनेकींचा हात कायमचा सुजे. मग बंधने आली: त्या हाताने जड उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका, जोर लावून घासू-पुसू नका. स्नायूंनी श्रम केले की हातात रक्त जास्त येते, लसीका जास्त तयार होते आणि सूज वाढते, असा तर्क त्यासाठी दिला जाई. ऐकायला तो पटण्यासारखा होता, आणि म्हणूनच इतका टिकला.

अंथरुणातल्या विश्रांतीविषयी वैद्यकात शंका मात्र आधीच उमटू लागली होती. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला आणि फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे, मन यांपैकी कशाकशाची हानी होते ते एकेक करून दाखवले. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा त्या तीन आठवड्यांनी केलेली हानी तीस वर्षांच्या वयोमानाने केलेल्या हानीपेक्षा मोठी ठरली. पडून राहिल्याने धडधाकट तरुणांची ही अवस्था होत असेल, तर केमो घेतलेल्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न खरे तर तेव्हाच विचारायला हवा होता. हृदयविकाराच्या रुग्णांना डॉक्टर चालायला लावू लागले. कर्करोगाचा रुग्ण मात्र मागेच राहिला.

त्याची वाट आधी रुग्णांनीच काढली. न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर यांच्यावर १९५२ मध्ये हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. नंतर हाताचे काय करायचे हे सांगणारे कोणी नाही, हे अनुभवून त्या इतर स्त्रियांच्या खाटेशी जाऊ लागल्या. सोबत एक रबरी चेंडू आणि दोरी असे. चेंडू दाबायचा, दोरी दारावरून टाकून हात वर ओढायचा, बोटांनी भिंत चढायची. अनेक शल्यविशारदांना हा हस्तक्षेप रुचला नाही. तरी काम वाढत गेले आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ‘रीच टू रिकव्हरी’ हा त्यांचा उपक्रम आपल्याकडे घेतला.

धावण्याचा विषय जगासमोर आणला तो कॅनडाच्या टेरी फॉक्सने. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करणाऱ्या डिक ट्राउम या पाय गमावलेल्या धावपटूविषयी वाचून त्याने सराव सुरू केला. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथून तो कृत्रिम पायाने निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोचला होता. जून १९८१ मध्ये तो गेला. धावल्यामुळे रोग उलटला असे मानायला आधार नाही. त्या कर्करोगाचा फुप्फुसांकडे जाण्याचा मार्ग नेहमीचाच आहे. त्याचे धावणे हा उपचार नव्हता आणि कोणी तसे धावावे असा धडाही त्यातून निघत नाही. पण कर्करोगाचा रुग्ण म्हणजे पांघरुणाखालचा माणूस, हे लोकांच्या मनातले चित्र त्याने पुसले.

व्यायामाचा परिणाम मोजण्याचे काम ओहायो राज्य विद्यापीठात झाले, आणि ते केले परिचर्याशास्त्राच्या अध्यापिकांनी. मेरी मॅकव्हिकर आणि मेरिल विनिंगहॅम यांनी केमो चालू असलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवले: आठवड्यातून तीन वेळा, दहा आठवडे, थोडा जोर आणि थोडा विसावा असे आलटून पालटून. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची शारीरिक क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. १९९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फर्नांडो डिमेओ यांनी मूलपेशी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवले, तेव्हा चालणाऱ्यांचा थकवा ओसरला आणि हिमोग्लोबिनही अधिक वाढले. थकलेल्याने पडून राहावे, त्याने अधिक थकावे, म्हणून आणखी पडून राहावे, हे चक्र इथे तुटले.

सुजणाऱ्या हाताची भीती मात्र अजून शाबूत होती. व्हँकूव्हरचे क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी तिला मुद्दाम आव्हान दिले. १९९६ मध्ये त्यांनी स्तनकर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रिया जमवल्या आणि त्यांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून चालवायची लांब नाव, वल्हवायला शिकवले. दंड, खांदा आणि पाठ यांना याहून कस लावणारा खेळ शोधणे कठीण. स्त्रियांनी आधी व्यायामशाळेत ताकद कमावली, मग नाव पाण्यात घातली आणि शर्यतीत उतरल्या. एकीचाही हात नव्याने सुजला नाही. २४ जणींवरून नियम सिद्ध होत नाही, म्हणून संशोधक कॅथरिन श्मित्झ यांनी अमेरिकेत आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर चाचणी घेतली. निम्म्यांनी वर्षभर हळूहळू वाढवत वजने उचलली. २००९ मध्ये निकाल आला: सूज दोन्ही गटांत सारखीच राहिली, पण ती उफाळण्याचे प्रमाण वजने उचलणाऱ्यांत १४ टक्के होते आणि इतरांत २९ टक्के. आकुंचन पावणारा स्नायू लसीकेला पुढे ढकलतो, हे जुन्या तर्कात विसरले गेले होते.

खेळाडूंच्या पुनरागमनांनीही लोकांचे लक्ष वेधले. रक्ताच्या कर्करोगातून उठलेला डच जलतरणपटू मार्टन व्हान डर वायडन याने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. केमो घेतलेला क्रिकेटपटू युवराज सिंग सप्टेंबर २०१२ मध्ये भारतासाठी पुन्हा मैदानात उतरला.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने २०१० मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना निष्क्रियता टाळण्याचा सल्ला दिला. २०१९ मध्ये त्याचे प्रमाणही ठरले: आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. अपवादांचीही नोंद झाली. हाडांत रोग असेल तर उड्या आणि धक्के टाळायचे; केमोने तळपाय बधिर झाले असतील तर खडबडीत रस्त्यावर धावायचे नाही; हृदयावर परिणाम करणारी औषधे घेतली असतील तर आधी तपासणी करायची. धावण्याकडे परतताना आधी सलग चालणे आणि मग मधेमधे थोडी धाव, हीच चाल सुरक्षित.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनकर्करोग झालेल्या ८५० स्त्रियांवर केलेल्या योगाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले. व्यायामाने रुग्ण अधिक जगतात याचा सर्वांत भक्कम पुरावा २०२५ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. दुसऱ्याला फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातील ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातील ८३.२ टक्के. स्नायू आणि सांध्यांची दुखणी व्यायाम करणाऱ्यांत जास्त आढळली, म्हणून देखरेख हवीच. ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच व्यायाम हा नेहमीच्या उपचारांचा भाग मानावा असे जाहीर केले होते. महाराष्ट्रातील कर्करोग रुग्णालयांनीही डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली व्यायामाची ओळ लिहायला आता सुरुवात करावी, आणि तो शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे नावही.